यायचं हं

पाचपावलीच्या आमच्या शाळेत
कार्डशीट येतो वर्षातून एकदा, तोही गुलाबी,
म्हणून मी लग्नपत्रिका जमवते.
उन्हाळाभर अख्खं नागपूर लग्न करतं
आणि जूनमध्ये माझ्या पिशवीत निघतात
दोनशे गणपती, पाचपन्नास कलश,
मंगल परिणयाचे तीसेक बुद्ध, शांत.
कात्री चालवते. मागच्या कोऱ्या बाजूला
जाड स्केचपेननं एकेक शब्द:
घर. मगर. गवत. विहीर.

मग फरशीवर पत्ते पसरायचे,
मी ओरडायचं, "गवत!"
आणि चव्वेचाळीस अनवाणी पाय
गवत शोधत धावतात.
हिमांशी मडावी नेमकी "गरम"वर उडी मारते,
वर म्हणते, "म्याडम, मी जवळच होती."

कधी बाजार भरवतो. खडूचे तुकडे म्हणजे पैसे.
"वांगं" वाचलं तर वांगं मिळेल,
नाही वाचलं तर रिकामी पिशवी.
चेतना धकाते भाव करते:
"दोन अक्षरं अन् तीन खडू? काऊन जी?"

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी आणतात,
प्रत्येकाच्या पाठीवर एक शब्द लादलेला.
नंदी ओढत न्यायचा, वाटेत भेटेल त्याला वाचून दाखवायचा.
शिपाई गोन्नाडेकाकांनी त्या दिवशी
"चष्मा" अकरा वेळा ऐकला
आणि शेवटी घातला.

आणि मारबत!
छळणारी जोडाक्षरं काठीला बांधली,
"उत्कृष्ट", "विद्यार्थी", "स्वच्छता",
मैदानाला फेरी, गळे फाडून,
"घेऊन जा गे मारबत!"
मुख्याध्यापक दारात आले, काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी मी तीच कार्डं
कचऱ्यातून उचलून आणली.
नेणारी मारबत असते,
परत आणणारा अभ्यासक्रम.

या सगळ्यात पहिला टिकेश साहू.
बाप पुलाच्या कामावर, घरी छत्तीसगढी,
पण कार्ड पिशवीतून अर्धं निघतं न निघतं
तोच याचं उत्तर तयार.
मी नोंदवहीत "उत्तम" लिहिलं, खाली रेघही मारली.

दिवाळीनंतर तेच शब्द फळ्यावर लिहिले.
टिकेश उभा राहिला. उभाच राहिला.
पंखा फिरत होता.
मग अगदी हळू:
"म्याडम, याले डाग कुठं हाय?"

सांगितलं त्यानं सगळं, काही न लपवता.
तर्रीचा थेंब म्हणजे घर.
कोपरा कुरतडलेला, विहीर.
मागं अर्धी सोंड असली की मगर.
तीन महिने तो मन लावून वाचत होता,
फक्त मी लिहिलेलं सोडून.

रागवायचं होतं मला. कुणावर, ते ठरेना.
पत्ते उलटे करून त्याच्यासमोर ठेवले,
म्हटलं, "बरं. मग या बाजूनं वाच."

दोन शनिवार गेले.
सोंडेला सोंड जुळवली, सोनेरी काठाला काठ,
माझी कात्री जिथं जिथं फिरली होती
तिथं तिथं तो बोट ठेवत गेला.
एका पत्त्यावर "आमच्या मामाच्या ल",
दुसऱ्यावर "ग्नाला या",
तिसरा हिमांशीच्या दप्तरात सापडला.

"आ-म-च्या…
मा-मा-च्या…"
जोडाक्षरापाशी अडला,
"ग्ना"ला ओठांनी दोनदा धक्का दिला,
आणि मग एका दमात:
"आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!"

वर्ग चिडीचूप.
हे कार्ड मी बनवलंच नव्हतं.

त्यानं मान वर केली.
"कधी हाय, म्याडम?"

आता रोज मधल्या सुट्टीत
खिचडीचा हात चड्डीला पुसून
तो पिशवी उपडी करतो.
स्थळ वाचतो, निमंत्रक वाचतो,
"आहेर आणू नये" वाचतो, तोंड वाकडं करतो.
तारीख शोधतो आहे.

ती पट्टी कात्रणांबरोबर
मी मे महिन्यातच फेकून दिली,
हे मी त्याला सांगत नाही.